शेजारचा आऊट

मैनाबाई : ...अन् इथी? अंगठ्याले लागते का?

ऋतुजा : नाही.

मैनाबाई : चिमटा घेतला वं मी आता.

ऋतुजा : आई, कंबरेखाली काहीच लागून नाही राहिलं. इंजेक्शन उतरेपर्यंत असंच राहते म्हणे. राहू दे दाबणं.

मैनाबाई : अव माय! दाबून राहिली मी, अन् तुले पत्ताच नाही. तुह्या आजीनं जलमभर हातमागाच्या पावड्या चालवल्या पायानं, तिचा पाय कधी असा पडला नाही.

विश्वनाथ : येऊ का आत?

ऋतुजा : सर... या ना. आई, हे विश्वनाथ सर. काल सॉफ्टबॉलच्या फायनलले सेकंड बेसवर अंपायर होते.

मैनाबाई : मले नको सांगू. ओळखते मी. माही पोट्टी मातीत तडफडून राहिली होती अन् हे वरतं मूठ करून उभे होते. भर मैदानात. आऊट म्हणे आऊट! बसा भाऊ, स्टूल घ्या. तुमचीच वाट पाहून राहिली होती मी.

विश्वनाथ : ऑपरेशन नीट झालं का?

मैनाबाई : गुडघ्याखालचं हाड मोडलं, त्याच्यात पट्टी टाकली. डॉक्टर म्हणते, चालन. मी म्हटलं, खेळन का? तं म्हणते, आधी चालू तं द्या बाई. पुढच्या महिन्यात भरतीची ट्रायल होती हिची. खेळाच्या कोट्यातून पक्की नोकरी. उमरेडात आमच्या गल्लीत सगळ्याइले सांगून बसली मी. आता कोणतं तोंड दाखवू?

ऋतुजा : तू काहून सांगतलं होतं?

मैनाबाई : सांगीन नाही तं काय करीन? पोटात मावून नव्हतं राहिलं, म्हणून सांगतलं.

विश्वनाथ : हिचे बाबा, भैयाजी, दिसत नाहीत.

मैनाबाई : तुमच्या कमिटीत गेले. तुमची तक्रार द्याले. गांधीबागेत सेठले सांगून दुकानाले दांडी मारली आज. ह्या माणसाले पुन्हा मैदानात उभं करू नका, असं सांगणार हायेत.

विश्वनाथ : बरं.

मैनाबाई : बरं? तुमचं नाव कटून राहिलं अन् तुम्ही बरं म्हणता?

विश्वनाथ : मग काय म्हणू, ताई?

मैनाबाई : म्हणा काही! चिडा! माहाशी भांडा! सकाळपासून हे पोट्टी अशी थंड पडली, आता तुम्हीही तसेच येऊन बसले. मी एकटीच बोलून राहिली का इथी?

ऋतुजा : आई, हळू. बाजूची पेशंट झोपली आहे.

मैनाबाई : झोपू दे. भाऊ, मले खेळ समजत नाही असं नका समजू. हे शाळेत होती तेव्हापासून पाहून राहिली मी. बॉल आला, हिनं झेलला, की हे त्या बेसच्या पांढऱ्या गादीवरून टुणकन बाजूले. कारण समोरची पोट्टी पाय पुढं करून घसरत येते, बुटाले खाली काटे असते. अन् तुम्ही लगेच मूठ वर करत होते. हिचा पाय गादीले लागला का नाही लागला, कधी वाकून पाह्यलं नाही. खरं का खोटं?

विश्वनाथ : खरं.

मैनाबाई : मंग काल हे गादीवर खांबासारखी काहून उभी राह्यली?

विश्वनाथ : यंदा व्हिडिओ आला, म्हणून.

मैनाबाई : व्हिडिओ तं लग्नातही असते. त्यानं कोणाचे पाय मोडत नाही.

विश्वनाथ : तुम्ही जो आऊट सांगितलात ना, त्याला आम्ही शेजारचा आऊट म्हणतो. नियमाच्या पुस्तकात तो नाही. पुस्तकात पाय गादीला लागलाच पाहिजे, आणि बॉल हातात पाहिजे. पण बॉल धावणारीच्या आधी आला आणि झेलणारी गादीच्या शेजारी असली, की आऊट द्यायचा. मला बापूजींनी शिकवलं. माझ्या आधी तेच उभे राहायचे सेकंड बेसवर. म्हणायचे, अरे विश्वनाथ, पोरी चालत घरी गेल्या पाहिजेत. बास. एवढंच कारण.

मैनाबाई : हे तं बरोबरच होतं.

विश्वनाथ : बरोबर होतं. आता प्रत्येक बेसपाशी तिपाईवर मोबाईल लावलेत. ज्याला निर्णय पटला नाही त्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढायचा. मग आमचा पियुष लॅपटॉपवर तेच पुन्हा दाखवतो. हळूहळू. त्यात पाय आणि गादीमधली केसाएवढी फट दिसते. दिसली की आऊट रद्द.

मैनाबाई : मंग काढून फेकाचे होते ते मोबाईल.

विश्वनाथ : मोबाईल गरीब बिचारा उभा असतो. कोणी चौकोन काढला नाही तर त्याला कोण विचारतं? आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, कुठंही काढतील पण सेकंड बेसच्या त्या आऊटवर कोणी काढणार नाही. बोलून नव्हतं ठरलं, पण ठरलेलंच होतं. आज तिचा पाय, उद्या आपला.

मैनाबाई : मंग?

विश्वनाथ : स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी काढला. त्यानंतर कोणत्याही अंपायरनं शेजारचा आऊट दिला नाही. देऊन करणार काय? लगेच समोरून चौकोन.

मैनाबाई : कोणी काढला पहिल्या दिवशी?

ऋतुजा : आई, पाणी.

मैनाबाई : पाणी द्याचं नाही म्हटलं ना आत्ताच. थांब, बोळ्यानं ओठ ओले करते... हं. कोणी काढला, भाऊ?

विश्वनाथ : पुष्कळ मॅच होत्या त्या दिवशी. आठवत नाही.

मैनाबाई : बाप्पा! कोण्या पोट्टीचा पाय केसाएवढा कोठी होता ते आठवते, अन् हे नाही आठवत?

विश्वनाथ : नाही आठवत.

मैनाबाई : मी सांगते. ते वाडीच्या टीमची भैरवी असंन. तिनंच काल माह्या पोरीच्या पायात पाय घातला. अन् सकाळी पाहा, नारळपाणी घेऊन हजर! मी दरवाज्यातूनच हाकललं.

ऋतुजा : तू भैरवीले हाकललं?

मैनाबाई : नाही तं का आरती ओवाळू?

ऋतुजा : मले ऑपरेशनले आत नेलं होतं तेव्हा आली का? काय म्हणत होती?

मैनाबाई : रडत होती. म्हणे काकू, मले वाटलं ऋतुजा बाजूले होईन, आमी सगळ्या होतो तशी. मी म्हटलं, तुले वाटलं! तुले वाटल्यानं माह्या पोरीचं हाड गेलं. लय बोलली मी. ते गुपचूप ऐकत राह्यली.

ऋतुजा : अजून काय म्हणे?

मैनाबाई : काही नाही. नारळपाणी खिडकीत ठेवलं अन् गेली.

ऋतुजा : अजून काहीच नाही सांगतलं तिनं?

मैनाबाई : काय सांगाचं होतं तिले?

विश्वनाथ : ताई, मी काय म्हणतो, ऐका. भैयाजी करताहेत ते करू द्या. चूक माझी आहे. मॅचच्या आधी मी मुलींना बोलावून सांगायला हवं होतं की आता शेजारचा आऊट मिळणार नाही, पाय सांभाळा. सांगितलं असतं तर ही सावध राहिली असती. मी नाही सांगितलं. कमिटीनं विचारलं तर मी असंच सांगणार आहे.

ऋतुजा : सर, तुम्ही सांगतलं होतं.

विश्वनाथ : तू झोप, बेटा. तुला गुंगी आहे.

ऋतुजा : गुंगी पायाले आहे, मले नाही. टॉसच्या आधी दोन्ही टीमले उभं करून सांगतलं तुम्ही. म्हटलं, आऊट गेला तर जाऊ द्या, पण पाय काढून घ्या. माझ्याकडं पाहून दोनदा म्हटलं. मीच नाही काढला.

विश्वनाथ : ऋतुजा.

ऋतुजा : काहून खोटं बोलून राहिले, सर? माह्या आईसमोर?

मैनाबाई : काय चालू आहे तुमचं दोघायचं? मले कोणी सांगन का?

ऋतुजा : आई, चौकोन झेलणारी नाही काढत. ती काहून काढन? तिच्या बाजूनं तं आऊट देलेला असते. जे धावत येते अन् आऊट होते, ते काढते. त्या दिवशी भैरवी गादीपाशी होती. झेलणारी.

मैनाबाई : मंग धावत कोण आलं होतं?

(ऋतुजा पडल्यापडल्या दोन्ही हात वर करते आणि बोटांनी हवेत चौकोन काढते.)

मैनाबाई : ...हात खाली कर. सलाईन निघन.

ऋतुजा : ट्रायलवाले बसले होते त्या दिवशी पाहाले. मी घसरत गेली, मातीत पडली, सरनं मूठ वर केली. मले खालून भैरवीचा पाय दिसला. एवढासाच बाहेर होता. मले वाटलं आता आऊट होऊन गेली तर कोण लिहून घेईन माहं नाव? काढला चौकोन. रद्द झाला आऊट. त्याच रनवर जिंकलो आम्ही. तू उमरेडात पेढे वाटले ना, ते त्याच मॅचचे.

मैनाबाई : भैरवीले माहीत आहे हे?

ऋतुजा : तिचाच पाय होता, आई.

मैनाबाई : अन् मी तिले इतकं बोलली. बोलली नाही वं ते एका शब्दानं. म्हणू शकत होती ना, काकू, तुमच्याच पोरीनं सुरू केलं.

ऋतुजा : हो.

मैनाबाई : अन् तू सकाळपासून मले बोलू देलं. सरले, भैरवीले, सगळ्याइले.

ऋतुजा : मले काही वाटूनच नव्हतं राहिलं. तू बोलत होती, मी ऐकत होती. दुसऱ्याच्या घरचं काही चालू आहे असं. आत्ताही तसंच आहे. रडू येईन म्हटलं, तेही नाही आलं. बाबांले फोन लाव.

मैनाबाई : लावते... हालो. हालो, मी बोलून राहिली. देली का तक्रार?... साहेब आले नाही? बरं झालं. देऊ नका... काहून म्हणजे? देऊ नका म्हटलं तं... घाबरून नाही राहिली मी. पोट्टी बरी आहे. तुम्ही इकडं या, मंग सांगते... अन् ऐका, तिथं कोणाले तरी विचारा, वाडीत त्या भैरवीचं घर कोठी आहे म्हणून... हो, तिचंच. ठेवते.

विश्वनाथ : थांबवायला नको होतं त्यांना.

मैनाबाई : काहून? तुमचा काय गुन्हा आहे आता?

विश्वनाथ : गुन्ह्याचं नाही. मी तसाही आता उभा राहणार नाही. काल ही कळवळून ओरडली ना, तेव्हा सगळं मैदान हिच्याकडं धावलं. तुम्ही दोरी ओलांडून आलात. भैरवीनं डोकं धरलं. आणि मी वाकून हिचा पाय पाहत होतो. गादीला लागलाय की नाही ते. गुडघा कुठं वळलाय ते दिसलंच नाही मला. पाय लागला होता, पूर्ण. म्हणून मूठ वर केली. आणि मग हिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

मैनाबाई : मी तुमाले कसाई म्हटलं काल सगळ्याइसमोर.

विश्वनाथ : ऐकलं मी.

मैनाबाई : वापस घेते.

विश्वनाथ : राहू द्या. घरी जाऊन जेवलो, ताई. रोजच्यासारखा जेवलो, वरण परत मागून घेतलं. मग हात धुताना लक्षात आलं की आपण जेवलो. बायको विचारत होती फायनल कशी झाली, तर म्हटलं, चांगली झाली.

मैनाबाई : हे नारळपाणी घ्या. हिले तं चालत नाही अजून. खिडकीत गरम होऊन राहिलं.

विश्वनाथ : तिच्यासाठी आणलंय ते.

मैनाबाई : मंग ठेवते झाकून. संध्याकाळी पेईन... ऋतुजा, आता लागते का वं? पोटरीले?

ऋतुजा : नाही.

मैनाबाई : अन् आता?

ऋतुजा : थोडंसं. दाबून राहिली असं वाटते. तुहा हात आहे ना?

मैनाबाई : माहाच आहे. येते जीव. हळूहळू येते म्हटलं होतं सिस्टरनं. मंग दुखन.

ऋतुजा : दुखू दे... सर, चालले का?

विश्वनाथ : निघतो. भैयाजी यायच्या आत निघालेलं बरं.

ऋतुजा : एक विचारू? पहिल्या दिवशी मी आऊट होती ना?

विश्वनाथ : व्हिडिओत नव्हतीस.

ऋतुजा : व्हिडिओचं नाही विचारून राहिली मी.

विश्वनाथ : होतीस, बेटा. बॉल तुझ्या कितीतरी आधी आला होता.

ऋतुजा : मग आऊटच द्याचं होतं ना, सर.

विश्वनाथ : दिलं होतं.