टप कापलेली लाल गाडी

अहो, मी विकला गेलो अशी बातमी बारामतीत एकदाच पसरली, आणि तीही माझ्याच तोंडून. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा तिथं पत्रकार होतो. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून छोट्या मोटारी जोडायचा मला भारी नाद. स्टँडसमोर चहा पिताना मी सहज म्हणालो, "गाडी झालीच म्हणा. टप कापून उघडी केली, आता लाल रंग मारला की संपलं."

पुढच्याच आठवड्यात साखर कारखान्याची सभा. साखर काढून उरलेली मळी कुणाला विकली, हे विचारायला मी उठलो, तर संचालक तात्या माईकवरून म्हणाले, "आधी तुमी सांगा, पत्रकारसाहेब! सायकलवरनं हिंडणाऱ्याला उघडी लाल गाडी दिली कुणी?"

सगळा मंडप माझ्याकडं वळला. माझं डोकंच फिरलं. आजवर कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता! रंग जुळवायला न्यायची म्हणून गाडी पिशवीतच होती. तरातरा गेलो आणि टेबलावर ठेवली. "ही घ्या माझी गाडी!"

गाडी वीतभर. तात्यांनी चष्मा लावून ती फिरवून फिरवून पाहिली. "आरं तिच्या! एवढ्याशा गाडीत फुटला व्हय? लई स्वस्तात गेला की तुमी!"

मंडप हसून लोळला. मीही हसलो, पण जागचा हललो नाही. "लाचेची असती तात्या, तर चारही चाकं लावून मिळाली असती. हिचं चौथं अजून चिकटवायचंय. आता मळीचं सांगा."

तात्यांनी सगळं सांगितलं. गाडी मात्र सभा संपेपर्यंत हातातून सोडली नाही.