धाकटीची ओळ

—नाही नाही, सिंपोराबाई, गाणं पूर्ण आहे, एक शब्द गेलेला नाही — फक्त मधली शांतता काढली मी. आमच्या कामात तसंच करतात. शारजाहून लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन इथे दुबईत, अल क्वोजला, फाइल करून घ्यायला येतात, म्हणतात, खैरुद्दीनभाई, मध्ये रिकामं ठेवू नका, फॉरवर्ड करावं लागतं. हात बसलाय माझा. गॅप दिसला की काप. तुम्ही सांगायचं ना आधी! — नाही, तुम्ही कशाला सांगायचं. मीच विचारायला हवं होतं. नाझींच्या छावणीत साहेब जेवायला बसले की तुमच्या युरोपातल्या सासूबाईंना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला उभं करायचे, गा म्हणायचे — एक ओळ हिची, एक तिची — आणि धाकटीला मारल्यावर सासूबाई जन्मभर तिच्या ओळीला गप्प राहायच्या, हे मला आत्ता कळतंय, कापून झाल्यावर.

मूळ फाइल? ती... खलास. उडवली. डिस्क भरली होती. आणि कॅसेट एवढी जुनी, एकदाच वाजली, फितीवरचा थर सगळा मशीनला चिकटून आला. — अशा बघू नका हो. तुम्ही रेवदंड्याच्या, मी म्हसळ्याचा, दोघं एकाच मुलखातले, तुमच्या कामात मी हयगय करीन? — केली. केलीच. गाणं लावलं होतं तेव्हा शेजारचा फहद चहाला आला, कुठली भाषा म्हणाला, मी म्हटलं, जर्मन असेल. यहुदी बाई आहे असं म्हटलं नाही. सध्याचे दिवस तुम्हालाही माहीत आहेत — तो काही बोलला असता असंही नाही, मीच घाबरलो. शटर अर्धं ओढलं, यल्ला, उरका म्हटलं. आणि ऐकू आलं होतं मला, बाई. त्या शांततेत श्वास होता, गाण्याच्या ठेक्यात चाललेला. एवढी वर्षं हेच काम करतोय, मला कळतं. तरी कापलं. लाज वाटते मला.

सासूबाई घरात गायच्या तेव्हा तुम्ही ऐकलंय ना? मग किती थांबायच्या ते आता तुमच्याच कानात आहे. बसा. मी लावतो — धाकटीची जागा आली की हात वर करा, तिची ओळ संपली की खाली. तेवढं रिकामं परत घालतो. श्वास नाही येणार, तो गेला.

— इथे? बरं, थांबवलं.

— फहद, अभी नहीं, बाद में आ. हाँ, वही गाना. यहुदी औरत का है. उसकी बहन की बारी चल रही है, दरवाजा बंद कर.

राहू द्या बाई, हात राहू द्या. मी बोलत नाही.