रोयिच्चनच्या कांजिण्या

हॅलो? … हॅलो, अम्मच्ची? … मी रोयिच्चन. … तुझा धाकटा, अजून कोण. … हळूच बोलतोय, त्रेसा आत्ता कुठे झोपलीय.

नाही गं, ताप उतरला. फोड आहेत अंगभर. … शाळेतूनच. अर्धा वर्ग घरी आहे. एका मुलीला ताप होता, तर परीक्षा बुडायला नको म्हणून आईनं औषध पाजून तिला रिक्षात बसवलं. आता रिक्षातली सगळी पोरं लोशन फासून गुलाबी झालीत.

खाते ना. पेज आणि मूग. … मीच शिजवली. … करपली जराशी, पण खाल्ली तिनं. … हो, नखं कापली. खाजवू नये म्हणून हातात मोजे घातलेत, माझे. … धुतलेले, अम्मच्ची.

ऐक ना, काम वेगळंच आहे. … शायनी तिच्या भावाकडेच आहे. सातवा महिना, त्यात तिला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, पोरीच्या जवळ फिरकायचं नाही. … बरी आहे ती, तपासणी झाली. … हो, लाव मेणबत्ती. … दोन लाव.

आता नीट ऐक. शायनी तुला फोन करेल. विचारेल, रोयिच्चनला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? तू 'हो' म्हणायचं. … अगं, मी तसं सांगून बसलोय. … नाहीतर ती गेलीच नसती. बॅग भरून दारात उभी, आणि म्हणे, तुम्हालाही झालेल्या नसतील तर पोरीजवळ बसणार कोण? मी ठोकून दिलं, मला तिसरीतच होऊन गेल्यात. … पटलं होतं. पण काल व्हिडिओवर तिनं मला मान खाजवताना पाहिलं.

घामोळं आहे. … असेलच. आरशात बघतो ना. … दर तासाला.

उपास चालू आहेत, माहीत आहे. … उपासात मासे-मटण सोडतात, अम्मच्ची. … बरं, खोटंही सोडतात. पण हे एवढंसं. … मग रविवारी पाद्रींना सांगून टाक. पाप माझ्या नावावर.

भीती? … वाटते की. आमच्या बँकेतल्या कुरुविलाला चाळिशीत झाल्या, ओळखू येईना माणूस. काल त्रेसाच्या पाठीला लोशन बोटाच्या टोकानं जेमतेम टेकवत होतो. ती म्हणते, पप्पा, गुदगुल्या नका करू. … मग काय करू? पोरगी हाका मारतेय आणि मी दाराबाहेर उभा राहू?

अम्मच्ची? … हॅलो? … रडतेस का? … हसतेस?

काय? … कांजिण्या थोरल्या तोम्मीचायनला झाल्या होत्या. मला लागू नयेत म्हणून मावशीकडे धाडलं होतंस ना. … मग? … तिथे गेल्यावर मलाही? … मावशीच्या पोरांनाही? … चारही जणांना माझ्यामुळे? … म्हणून ती अजून मला बघून लांब बसते होय.

तिसरीत नव्हे, तीन वर्षांचा होतो. … मग कधी बोलली का नाहीस? … मी विचारलं नाही. खरंय. … कानामागे? थांब, चाचपतो. … आहे, खड्डा आहे. मला वाटायचं, सायकलवरून पडलो तेव्हाचा.

म्हणजे तुला खोटं बोलायची गरजच नाही. … हो, देवाची कृपा. … आनंदच झालाय गं. … आवाज कसा लागलाय? … अगं, म्हणजे इतके दिवस मी उगाचच घाबरलो. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात तेसुद्धा शायनीला सांगून ठेवलं होतं. … हस, हस पोटभर.

तिला काय सांगायचं? सांगण्यासारखं उरलंय काय? मला झाल्या होत्या म्हटलं, आणि झाल्याच होत्या. … हो, मी खोटं बोलून पोरीजवळ थांबलो होतो, हे आता तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

काय म्हणालीस? … माझ्या जागी अप्पच्चन असते, तर बाप असूनही ते दाराबाहेरच उभे राहिले असते? … 

पुन्हा म्हण. … ऐकू आलं नीट, तरी म्हण.