रॉडला लागलेला हात

मी मूळचा देवबागचा, खाली मालवणाकडचा. बाबा मुंबईत गिरणीत, आम्ही गावात आजोबांकडे, आजोबांची होडी, त्यामुळे दोरी हातात लहानपणापासून. गिरणी बंद झाली, बाबांनी गोरेगावात खोली घेतली, मग मी बोटींवर कामाला लागलो तो फिरत फिरत पार अंदमानला, तिकडे मोठे मासे गळाला लावायचा एक क्लब होता. वीस वर्षं काढली तिकडे.

काय सांगू तुम्हाला, तो प्रकारच वेगळा. माणसापेक्षा लांब मासा, पाठीवर शिडासारखा पर, त्याच्याशी तास तास झुंजायचं, आणि बोटीजवळ आला की मोजायचा नि सोडून द्यायचा! आईला सांगितलं तर म्हणते, मेल्या, मगे ते खातत काय?

नियम मात्र कडक. मासा गळाला लागला की ज्याचा रॉड त्यानेच धरायचा, दुसऱ्याचा हात लागला तर तो मासा क्लबाच्या फळ्यावर लिहीत नाहीत. हात लागला का ते संध्याकाळी विचारायचे, तेही मेंबरला नाही, बोटवाल्याला.

मुलुंडचे एक डॉक्टरसाहेब दरवर्षी यायचे, माझ्याच बोटीवर. नऊ वर्षं आले, पण शीडवाला मासा काही मिळेना. सत्तरी उलटली, मुलीने बजावलं, बाबा, हे शेवटचं. आणि नेमका त्याच वर्षी लागला. दीड तास झुंजले. मग मासा असा उसळला की साहेब रॉडसकट कठड्यावरून बाहेर चालले. मी एका हाताने त्यांचा पट्टा धरला, आणि दुसरा हात, आईशपथ, मला कळलंच नाही, दुसरा हात रॉडवर. लगेच काढला. साहेबांना पत्ताच नाही. मासा जवळ आला, मोजला, सोडला, त्या सीझनचा सगळ्यात लांब मासा. साहेब रडले हो, पोरासारखे रडले.

संध्याकाळी क्लबात विचारलं, कोणाचा हात लागला का? साहेब माझ्याकडे बघून हसतायत. नाही म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? पण मग पुढे कोणाच्याही माशाबद्दल मी काय तोंडाने सांगणार? मी म्हटलं, लागला, माझा. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी माझा निरोप न घेताच गेले, नंतर कधी साधा फोनही नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता मी दिंडोशीत मुलाकडे असतो. मागच्या वर्षी साहेबांच्या मुलीचा फोन आला, बाबा थकलेत, तुमची आठवण काढतात. घाबरत घाबरतच गेलो. दारातच म्हणाले, काय रे, कशाला बोललास? एवढी वर्षं झाली, पण पहिला शब्द तोच! मी म्हटलं, साहेब, त्यांनी विचारलं ना. तर हसायलाच लागले. मुलीला म्हणतात, याला चहा दे गं, हा सुधारणार नाही.

आता दर रविवारी मुलुंडला जातो. सोसायटीच्या आवारात आम्ही दोघं फेऱ्या मारतो. त्यांचा तोल जातो, मी दंड धरला की ओरडतात, हात काढ, फेरी मोजणार नाहीत! ओरडू देत बापडे. मी काय हात काढत नाही.