आबारावांचा दम

उमरग्याच्या दवाखान्यात पडद्याआड डॉक्टर आणि हृदयाचा झटका येऊन गेलेले आबाराव, सोबत त्यांची बायको बनाबाई. बाकावर मी, कान उघडे ठेवून.

"दोन महिनं खाटंवर काढलं. आता दूध सोसायटीला एकट्याला जाऊ द्या."

"चालताना दम न लागता बोलता येत असेल, तरच."

"डॉक्टरसाब, काल मी संगं व्हते. हे घरापासून सोसायटीपर्यंत चेअरमनला शिव्या देत गेले. हिरी आटल्या, ह्यांचं तोंड न्हाय!"

"चढावर?"

"तिथं त्याच्या आज्यापर्यंत पोचले."

"छातीत दुखलं?"

"ऐकणाऱ्याच्या दुखलं."

"नाडीही उत्तम. जा एकटे! रोज दोन फेऱ्या."

"दोन? दुसरीला शिव्या कुठनं आणू?"

"अवो, माझा भाऊ हाय की अजून शिल्लक!"