उपाशी पोटी नाही

—ते पिशवीतच राहू द्या, डॉक्टर. सुईचं नंतर बघू. आधी त्याचं खाणं होऊ दे. उपाशी पोटी नाही पाठवायची मी त्याला, जनावर झालं म्हणून काय झालं? ती बादली पालथी घाला आणि बसा. असं उभं राहून डोक्यावर सावली धरू नका माझ्या.

हे बघा, कोंडा, भुसा, भरड, वरून किसलेलं गाजर, सगळं कोमट पाण्यात पार गिच्च होईपर्यंत भिजवायचं. दाढाच उरल्या नाहीत त्याला. गवत टाकलं तर नुसतं तोंडात घोळवतो, त्याचा गोळा करतो, खाली टाकतो आणि वर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मीच थुंकले! कोरडं चालतच नाही, घशात बसलं की संपलं — घोड्याला ओकता येत नाही, हे काय मी तुम्हाला सांगायचं? मग गालात अडकलेलं बोट घालून काढायचं. एकदा चावलाय, हे बघा. दात नसून चावला, म्हणजे बघा केवढा राग. सायब म्हणतो आम्ही त्याला. घोडेस्वारीच्या शाळेत होता, केवढी पोरं शिकली याच्या पाठीवर. पाय अधू झाला तशी शाळेनं काढला, आणि आमचे हे तिथं मोतद्दार, घोड्यांचं दाणापाणी बघायचे — आले त्याला घेऊन घरी. मला विचारलं? छे! मला कोण विचारतंय. दारात उभे दोघं, दोघांच्याही माना खाली.

खा रे. खा ना. —खाईल हो, नखरे असतात. दुखतंय का म्हणता? दुखत असेलच की, म्हातारपण आहे. पण तसं... नाही, ओरडत वगैरे नाही. चालतो. उन्हात उभा राहतो. आता काय, खोटं कशाला बोलू तुमच्याशी, गेल्या आठवड्यात आडवा झाला तो उठेचना. दोर लावला, दूधवाल्याला हाक मारली, शेजारच्या दोघांना आणलं, सगळी सकाळ गेली त्याच्यात. आणि आतनं पलंगाची दांडी वाजतेय — टण टण टण. यांना अर्धांग झालंय ना, वाचा गेली, काही हवं असलं की चमच्यानं दांडी वाजवतात. इकडे हा आडवा, तिकडे ती दांडी, मी कुठं जाऊ? आत गेले तेव्हा हे तसेच ओले पडलेले. रागानं नाही बघितलं हो माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच दिवशी तुम्हाला निरोप धाडला. लेक फोनवर म्हणाली, आई, एक तरी ओझं कमी कर. मग दोघांतलं कुठलं करणार होते मी? यांनाही पातळ, त्यालाही पातळ, यांची कूस बदला, त्याचे खूर बघा... माझी कंबर काय लोखंडाची आहे?

अरे, खा ना मेल्या! तिकडे काय बघतोस? बंद आहे ती खिडकी. —मीच लावली. म्हटलं, यांना दिसायला नको. पलंग खिडकीशी आहे. रोज तिथनं जीभ टाळूला लावून असं करतात — टक्, टक्. सगळी वाचा गेली, तेवढं राहिलं. एवढी वर्षं संसार केला, 'अगं' म्हणायचे मला, माझं 'अगं' गेलं, आणि घोड्याचं टक् टक् मात्र शाबूत! आणि हा तो आवाज आल्याशिवाय टोपल्यात तोंड घालत नाही. शाळेतली सवय. बघा, नाहीच खात. नुसता कान लावून उभा आहे.

उघडू म्हणता? उघडली तर तुम्ही दिसाल की. पिशवीसकट. यांना काय कळत नाही का? आयुष्य घोड्यांत गेलं.

मग असं करा, त्या पोत्यांमागे व्हा. व्हा हो, लाजताय काय. खाली वाका — अजून, टक्कल दिसतंय.

—काही नाही हो! वारा यावा म्हणून उघडली! कोणी नाही आलेलं, मी आपली एकटीच बडबडतेय, माहीत आहे ना तुम्हाला!

...ऐकलंत? लागला बघा खायला. एक टक्, एक घास. निम्मं बाहेर सांडतोय, सांडू दे. आणि ते बघा, यांच्या त्या एका बाजूच्या ओठाला... हसतायत. हसतायतच ना ते? मला पोत्यांमागनं सांगू नका काही, गप्प बसा.

नाही. आज नाही. उद्याही नको, विचारू नका. परत आडवा पडला तर? तर पडला. दोर आहे घरात. मी काय बरी झाले असं नाही, कंबर तशीच आहे, पण हे टोपलं संपायला दुपार होईल, आणि मग यांना भरवायचं, तोवर तुम्ही काय पोत्यांमागे बसणार? उठा. मागच्या वाटेनं जा. आणि ती पिशवी अशी हातात हलवत नेऊ नका, पोटाशी धरा — यांना बोलता येत नाही, दिसतं सगळं.