घोडीवरून उतर

(धुळे, १९९२. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. यादवच्या उजव्या हाताला प्लास्टर.)

यादव : आबांच्या कानातून अजून रक्त येतंय, आणि मी उद्या विमानात बसू, मामा?

वाल्मीक : बसायचंच. लंडनला एक वर्ष इंग्रजी शिकलास, एक राहिलंय. सरपंचाचा निरोप आहे. घोडी उधळली, बापलेक पडले, एवढं फौजदाराला लिहून दे आणि जा. नाहीतर तुझ्यावरच उलटी केस. त्यांच्या पोरीचा हात धरलास म्हणून. पासपोर्ट पोलिसांकडे जाईल, मग कसलं लंडन?

यादव : सरपंचाच्या पोरानं, छगननं, कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. आणि मी पडलो म्हणून लिहू?

वाल्मीक : मग मी जातो. कोयता आहे घरी. त्या छगनचं मनगटच उडवतो.

मंदाबाई : वाल्मीक, तू गप बस. घोडी कोनी आनी?

वाल्मीक : मीच आणली, अक्का. नशिराबादचा बँडही मीच आणला. बाबासाहेब शिकले त्या शहरात माझा भाचा शिकतो. सुट्टी संपवून परत निघाला, तर त्याला गावातून पायी नेऊ?

मंदाबाई : आपला नवरदेव बी चावडी उनी का घोडीवरून उतरस. तुले माहीत नव्हतं?

वाल्मीक : माहीत होतं. वाटलं, हाही उतरेल.

यादव : उतरणारच होतो. गेल्या वर्षीचा मी असतो तर कुणी सांगायच्या आधीच उतरलो असतो. पण छगन म्हणाला, "उतर," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "का?"

मंदाबाई : का, म्हने!

यादव : सवय लागली, माय. तिथं सरांनी काही सांगितलं की पोरं आधी का, म्हणून विचारतात. मी कितीतरी महिने गप्प बसलो. शेवटी एकदा विचारलं, तर सर खूश झाले. वर्ग सुटला की नदीकाठानं चालत जायचो. जुन्या चर्चच्या पायरीवर कुणीतरी व्हायोलिन वाजवत असायचं, पुढं नाटकाच्या तिकिटाला रांग. रांगेत मी कुणाला धडकलो, तरी समोरचाच माफी मागायचा. इथलं मी विसरूनच गेलो.

वाल्मीक : छगन नाही विसरला. पाय धरून खाली ओढलं तुला.

यादव : माझ्या हातावर बूट ठेवून उभा राहिला. म्हणाला, "ह्याच हातानं इंग्रजी लिहितोस ना?" हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तेवढ्यात आबा माझ्या अंगावर आडवे पडले. दांडा त्यांच्या डोक्यात बसला. ते हलायचे थांबले, तरी पुन्हा मारलं.

वाल्मीक : बँडवाल्याचे दात पाडले. घोडीच्या तोंडावर सळई मारली. ती काय बौद्ध होती?

मंदाबाई : हसू नको, भाऊ.

वाल्मीक : हसतोय कुठं, अक्का.

यादव : मी जबाब देणार. नाही जायचं मला.

मंदाबाई : म्हनजे छगनले पाह्यजे तेच व्हई गयं.

यादव : आणि खोटं लिहून गेलो तर? तेही त्यालाच पाहिजे.

मंदाबाई : तू काहीच लिखू नको. खरं बी नको, खोटं बी नको.

यादव : मग पाहिलं कुणी?

मंदाबाई : मी काय आंधळी शे? हार लिसन घोडीजोडे उभी व्हती. बठ्ठं दखं. सकायपासून माले कोनी इचारं का? तुम्ही शिकेल, तुम्हीच बोलतस.

वाल्मीक : अक्का, तुला त्याच गावात राहायचंय. विहीर त्यांची, वाट त्यांची.

मंदाबाई : ठाऊक शे. तुना दाजी उठना, तर त्याले बी तठेच ऱ्हानं शे.

फौजदार : (वही घेऊन येत) काय ठरलं? मला शिरपूरला परत जायचंय. घोडी उधळली, असंच लिहू ना?

मंदाबाई : नही, सायेब. मी सांगस, तसं लिखा. मंदाबाई गुलाब. मना नवराले छगननी मारं. कुऱ्हाडना दांडाघाई, दोनदा.

फौजदार : बाई, विचार करा. नाव एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही.

मंदाबाई : म्हनीसनच सांगी ऱ्हायनी.

फौजदार : तुमची मर्जी. पण सरपंचांचीही तक्रार येणार आहे, तुमच्या मुलावर. (यादवच्या प्लास्टरवरून नजर वहीकडे वळवत) तो कुठे आहे?

यादव : साहेब, मी...

मंदाबाई : तो आठे नही शे, सायेब. तो लंडनले शिकस.